चौसष्ट झुली आणि ऐंशी टक्के

२३ सप्टेंबर, मंगळवार
पहिली झूल — दहा तास! कालचा अख्खा दिवस आणि आजचे दोन तास. शिवायला लंकाबाई, केशरबाई, निकिता, हिशेबाला मी, तीन मशिनी, एक झूल. वासरांना थंडीत घालायची. काष्टीजवळच्या गोठ्याच्या स्टेला मॅडमना अशा चौसष्ट हव्यात, अठरा ऑक्टोबरला. शेजारच्या वासराला घालून बघितली. शेपटीची बाजू त्याच्या तोंडावर आली. त्यानं ती चघळली.
शेडचे मालक हनुमंतशेट भिंतीला टेकून म्हणाले, "जास्मिन, चौसष्ट गुणिले दहा? पुढच्या वर्षीची थंडी!"
मी म्हटलं, शेट, माझ्या कॉस्टिंगच्या पुस्तकात यावर उपाय आहे. (त्याच पेपरात मी नापास आहे, हे बोलले नाही.)

२४ सप्टेंबर
हिशेब असा : हात बसत जातो. झुली दुप्पट झाल्या की सरासरी वेळ ऐंशी टक्क्यांवर येतो. एका झुलीला दहा तास, तर दोन झुलींची सरासरी आठ, चार झुलींची सहा पूर्णांक चार... चौसष्टला मिळून फक्त एकशे अडुसष्ट तास! सोळा तारखेला काम संपतं.
लंकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन न्हाई संपलं तर? दिवाळी झाली की मुकादमाची जीप येती. फुडची आर्डर मिळंल तरच ऊस तोडाया जायचं टळंल."
ऐंशी टक्के हा आकडा मी अंदाजानं धरलाय.

२७ सप्टेंबर
आठ झुली, एकेचाळीस तास. कागदावर चाळीस पूर्णांक शहाण्णव!! मी शेडमध्ये नाचले. केशरबाई म्हणाल्या, "पोरीला काय झालं?"

२८ सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये पाळकांचं प्रवचन छत्तीस मिनिटं. गेल्या रविवारी एकेचाळीस. सुधारणा आहे.

८ ऑक्टोबर
बत्तीस झाल्या. आता एका झुलीला सव्वादोन तास. शेट खुशीत. विचारलं, "मग हजारावीला किती?" मी शहाणी, लगेच काढून दिलं — पाऊण तास.
"म्हणजे लाखावी आधीच शिवलेली येईल!"
हसले मी. ते हसले नाहीत. संध्याकाळी भिंतीवर खडूनं मोठ्ठं : पुढची ऑर्डर, तीनशे झुली, दर झूल पाऊण तास. मॅडमना फोनवर तसा शब्दही देऊन टाकला म्हणे.

९ ऑक्टोबर
लंकाबाईंनी भिंत वाचली. "पाऊन तासात तर गाय बी उठून हुबी ऱ्हात न्हाई."
मग मला म्हणाल्या, "घड्याळ घे आन हितं बस." कापड कापलेलं, दोरा भरलेला, चहा बंद, बोलणं बंद. तिघींनी जीव तोडून शिवलं. एक तास चाळीस मिनिटं. त्याखाली एक मिनिटही नाही.
"मानूस शिकतं गं. मशीन कुठं शिकतीय?"
पुस्तकात होतं हे. एका ठिकाणी रेषा सपाट होते. ते पान मी ऑप्शनला टाकलं होतं.

१० ऑक्टोबर
सांगितलं शेटना. चूक माझी आहे, भिंत पुसा. ते : "तुझा पगार कोण देतं? लंकाबाई?" भिंत तशीच. जमत नसेल त्यांनी खुशाल ऊस तोडायला जावं म्हणाले. तिघींनी ऐकलं. दिवसभर नुसता मशिनींचा आवाज.

१६ ऑक्टोबर
चौसष्ट!! दुपारी साडेतीन. एकशे सदुसष्ट तास. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

१८ ऑक्टोबर
टेम्पोनं काष्टी. मी आणि लंकाबाई. शेट आले नाहीत, दिवाळीची खरेदी होती. चौसष्ट वासरं झुली घालून पळत सुटली, एक थेट हौदात! स्टेला मॅडम डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग लंकाबाईंना विचारलं, "तीनशे खरंच पाऊण तासाला एक होतील?"
"न्हाई, ताई. पावनेदोन तास लागत्यात. आमी पावनेदोनच सांगू."
मॅडमनी लिहून घेतलं. मग हौदातल्या वासराकडे वळल्या. परतीच्या वाटेवर लंकाबाई कर्जतजवळ म्हणाल्या, "गेली आर्डर."

२५ ऑक्टोबर
जीप आली होती सकाळी. बघायला जायची हिंमत झाली नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
लंकाबाई दारात. जीपमध्ये नाहीत! मॅडमनी तीनशेची ऑर्डर परस्पर त्यांनाच दिली. निकिताच्या ओसरीत भाड्याच्या तीन मशिनी बसल्यात. "येळ लिवायला मानूस पायजे. येतीस का?" शेटना राजीनामा लिहिला. चार मिनिटांत.