सड्यावर ऊन नव्हतं तेव्हा

प्रिय वहिनी,

रत्नागिरीच्या इस्पितळात, दादाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत त्याला आत्ताच डोळा लागलाय. भर दुपार आहे, तरी सिस्टरनी व्हरांड्यातले दिवे लावलेत, इतकं काळोखून आलंय. बंदरावर पुन्हा वादळाच्या धोक्याचा बावटा चढवलाय म्हणतात. उद्या मला एक काम करायचंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय माझे हात चालणार नाहीत. म्हणून हा कागद घेतला.

तुझ्या माघारी सड्यावरच्या उघड्या कातळावरची तुझी सौर वीज कंपनी मी चालवतेय, हे तुला खरं तरी वाटलं असतं का गं? घरातला बल्ब गेला तरी तुला हाका मारणारी मी! तू म्हणायचीस, "सुलू, वीज पाण्यासारखीच असते. कुठून येते, कुठे साठते आणि कुठे गळते, एवढं कळलं की झालं." गळतं कुठे ते कळायला लागलंय. काचांवर खाऱ्या वाऱ्याचा पापुद्रा बसतो, त्यावर लाल धूळ. आज पॅनल धुवावेत तर दोन दिवसांत पुन्हा तेच. माकडं येऊन बसतात, तारा ओढतात. उन्हाळ्यात सड्यावरचं गवत पेटलं की हातातलं टाकून धावायचं. वीज असली की मी कुणाला आठवत नाही. गेली, की अख्ख्या गावाला माझा नंबर पाठ!

तो सडा म्हणजे दादाची चिऱ्याची खाण होती. तू सून होऊन आलीस तेव्हा खाणीतल्या मशीनचा आवाज घरापर्यंत यायचा, आणि दादा घरी आला की त्याचा खोकला. तू ती खाण बंद करायला लावलीस. ओटीवर उभी राहून त्याला म्हणालीस, "या जागेनं तुमची छाती खाल्ली. आता तिनं गावाला काहीतरी द्यायला हवं." दादा हसला होता. पण तुझं ऐकलं त्यानं.

आणि तू दिलंस की! गणू नाखवाचा बर्फाचा कारखाना, डॉक्टरीणबाईंचं बाळंतिणींचं इस्पितळ, खालच्या वाडीतली घरं. आणि आपलं घर, जिथे दादाचं ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घुरघुरतं. दिवसा उन्हाची वीज, रात्री बॅटऱ्यांची, आणि दोन्ही कमी पडलं तर सरकारी लाइन. "सूर्य कधी संपावर जातो का?" असं तू लोकांना विचारायचीस आणि लोक माना डोलवायचे.

वहिनी, तो गेला गं संपावर.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी आभाळ हटेना. कापणीचं भात पाण्यात आडवं झालं. समुद्र शिशासारखा करडा, आणि लाटा नसताना आतून घुमल्यासारखा आवाज. असा कार्तिक तू तरी कधी पाहिला होतास का? पॅनलवर नुसता राखाडी उजेड पडायचा आणि बॅटऱ्या रोज थोड्या थोड्या उतरत जायच्या. मग एका पहाटे वारा सुटला आणि हातखंब्याकडून येणारी सरकारी लाइन तुटली. शहराचा रस्ताही झाडं पडून बंद झाला.

मी बर्फाच्या कारखान्याची वीज तोडली. दुसरं काय करणार होते? सगळ्यात जास्त वीज तोच ओढतो.

गणू नाखवा तडक घरी आला. वादळाच्या भीतीनं होड्या भरलेल्या मासळीसकट बंदरात परतल्या होत्या. दारातूनच ओरडला, "सुलूताई, माझा बर्फ वितळतोय तिकडं! आनि तुमच्या घरात मशीन चालू हाय. भावाच्या नाकाला वीज, आमच्या मासळीला नाय?"

आतून दादाचा आवाज आला, "गणू खोटं बोलत नाही, सुलू."

रागच आला मला. त्याचा, गणूचा, आणि सगळ्यात जास्त तुझा! इतक्या लोकांना तू या वाटेवर आणलंस आणि तो प्रश्न माझ्या दारात ठेवून गेलीस. काविळीनं तू पंधरवड्यात गेलीस, मान्य. पण अशा दिवशी आधी कुणाला बंद करायचं, हे जाता जाता सांगायला हवं होतंस ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दिलीप वायरमननं मला सड्यावर बोलावलं. बॅटऱ्यांच्या खोलीबाहेर तो नाकाला रुमाल लावून उभा होता. "ताई, आत जाव नका," म्हणाला. मी दारातून डोकावले. गोडसर, जळका वास. एका रांगेतल्या बॅटऱ्या फुगून, पोट सुटल्यासारख्या पुढे आल्या होत्या. दारात उभं राहूनही चेहऱ्याला धग लागत होती. सगळं जग गारठलेलं आणि ती एक खोली तापासारखी तापलेली! दिलीपनं त्या रांगेची जोडणी तोडली. तिच्या शेजारचीही तोडावी लागली.

उरलेल्या विजेत सगळं चालणार नव्हतं. वाडी तर बंद केलीच. मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाई अडली होती, पोट कापावं लागणार होतं, आणि शहरात न्यायला रस्ता नव्हता. "सुलूताई, मधेच वीज जाणार नाही ना? तेवढं नक्की सांगा."

मी दादासमोर जाऊन उभी राहिले. त्याला फोन ऐकू गेला होता.

"आपलं घर बंद कर," तो म्हणाला.

"आणि तू?"

"छोटा सिलिंडर आहे ना."

"तो किती पुरेल दादा? रस्ता कधी उघडेल कुणाला माहीत!"

"तुझी वहिनी असती तर तिनं मला विचारलंही नसतं."

असं खरंच केलं असतंस का गं तू? मला अजून ठरवता येत नाही. मी खटका ओढला. मशीन थांबलं तेव्हा घर इतकं गप्प झालं की मला समुद्राचा तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला.

सिलिंडर जेवणवेळेपर्यंत पुरला. मग दादा खांबाला टेकून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि हवा ओढायला लागला. तोंडानं, खांद्यांनी, सगळ्या अंगानं. ओठ जांभळे झाले. मी पंख्यानं वारा घालत होते. वेड्यासारखी! हवा तर होतीच की सगळीकडे, वादळभर हवा होती.

तेवढ्यात गणू नाखवा आला. भांडायलाच आला होता, तोंडही उघडलं होतं त्यानं. दादाला पाहिलं, बंद मशीनकडे पाहिलं. "घरची पन तोडलीस?" एवढंच म्हणाला आणि पळत सुटला. परत आला तो चौघांच्या खांद्यावर होडीवरचं जनरेटर घेऊन. डिझेलचं, भकाभका धूर सोडणारं! तुला ज्याचा संताप यायचा, तेच. ते अंगणात ठेवून त्यानं वायर आत ओढली. मशीन घुरघुरलं. धूर ओटीवर येत होता म्हणून गणू आणि त्याची माणसं घोंगड्या धरून दारात उभी राहिली, रस्ता मोकळा होईपर्यंत. बंदरात त्यांची मासळी कुजत होती. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तिकडे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे ऐकून तू टाळी वाजवली असतीस, मला माहीत आहे. मी मात्र दादाला घेऊन गाडीत बसले होते आणि मला रडूही आलं नाही.

आता ऐक, आनंदाचं नाहीये. बॅटऱ्या पाहायला आलेला माणूस सांगून गेला की उरलेल्या रांगाही त्याच बनावटीच्या आहेत. त्या फुगून पेट घेणारच नाहीत असं त्याला म्हणवेना. खोलीच्या खाली वाडी आहे, वहिनी. आणि इथले डॉक्टर म्हणतात, दादाची छाती असा दुसरा दिवस काढणार नाही. तो मात्र घरी जायचा हट्ट धरून बसलाय. काल विचारत होता, "गावात वीज आहे ना?" सरकारी लाइन जोडून आलीय, तेवढं सांगितलं. पुढचा बावटा चढलाय, ते नाही सांगितलं.

मी तुझ्यावर चिडले, तरी तू चुकलीस असं म्हणत नाही. खाणीची धूळ पुन्हा कुणाच्या छातीत जाऊ नये हे बरोबरच होतं. पण आभाळही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, आणि ते तुला कळायच्या आत तू गेलीस.

तर तुला शब्द देते. यापुढे कुणाचाही श्वास मी आपल्या एकट्या तारेवर ठेवणार नाही, दादाचासुद्धा नाही. वारं निवळेपर्यंत त्याला इथून हलवणार नाही, कितीही रागावला तरी. दिवस भरलेल्या बायका शहरात आणायचं डॉक्टरीणबाईंशी बोलून झालंय. आणि उद्या सकाळी, वादळाआधी, मी सड्यावर जाऊन उरलेल्या सगळ्या रांगा तोडणार आहे. दुसऱ्या बनावटीच्या मिळेपर्यंत जोडणार नाही. सरकारी लाइन पुन्हा पडली तर रात्री गाव अंधारात राहील. लोक शिव्या घालतील, तुझं नाव काढून मला टोमणे मारतील. मारू देत. गावात अंधार झाला तर तो माझ्या हातानं झालेला असेल, पण आगीचा उजेड मी वाडीवर पडू देणार नाही.

तुझी नणंद,
सुलू