सगळी पानं जागच्या जागी

३ मार्च
आजपासून विकीची मांडणी नव्याने. आमचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कुणीही घ्यावं, आपल्या ऑफिसची माहिती पानापानांनी भरावी. पण पानं ठेवायची विभागांत, विभागात उपविभाग, त्यात आणखी उपविभाग. नुसती अडगळीची खोली. पंधरा दिवसांत बदलतो. प्रकल्प सुरू करणाऱ्या गृहस्थांना सगळे आजोबा म्हणतात. त्यांनी विचारलं, वापरणाऱ्यांपैकी कुणाची तक्रार आहे का. अहो, तक्रार करायला आधी कळावं लागतं.

६ मार्च
विभाग रद्द. आता प्रत्येक पानाला विषयाच्या खुणा, म्हणजे टॅग.

१० मार्च
खुणा फार झाल्या. त्यांचे गट केले. गटांवर मोठे गट. बायको मागून बघून म्हणाली, हे परत विभागच झाले की. तिला बारकावे कळत नाहीत.

१७ मार्च
कोड अजून एक ओळही नाही, पण विचार पक्का. बायको म्हणते, नमनालाच घडाभर तेल. आजोबांचा निरोप: महिनाअखेर नवी आवृत्ती निघेल. तोवर एखाद्या खऱ्या ठिकाणी चालवून दाखव, नाहीतर जुनंच ठेवू.

२१ मार्च
खरं ठिकाण घरातच सापडलं. ताई हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करते. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात त्या काचेच्या पेट्या तिच्याकडे. दुरुस्तीची सगळी माहिती तिच्या टीमने आमच्याच विकीवर ठेवलीय, तीही माझ्या आग्रहाने. ताई म्हणाली, चाललंय ते चालू दे ना रे. मी म्हटलं, भावावर भरवसा नाही का. गप्प बसली. म्हणजे होकार.

२६ मार्च, दुपारी
ताईकडे नवी मांडणी बसवली. पानं आपोआप हलली. ज्यांचा गट कळला नाही ती 'इतर'मध्ये. तूर्त सगळीच 'इतर'मध्ये आहेत. शोधायची खिडकी मी काढूनच टाकली. मांडणी चोख असली की शोधायचं कशाला? उरलेलं सावकाश.

२८ मार्च, सकाळी १०.२०
ताईचा फोन. पेटी गरम राहत नाहीये, अलार्म वाजतोय, आत बाळ आहे आणि दुसरी पेटी रिकामी नाही. अलार्मचं पान कुठे गेलं? मी शांतपणे समजावलं, आधी ठरव, अलार्म ही घटना की लक्षण. मग फोन बंद.

१०.३५
मी इथून शोधतोय. 'इतर'मध्ये पानांची नावंच दिसत नाहीत. एकेक उघडतोय.

१०.५०
एक सापडलं. ते पेटी पुसायचं निघालं. ताई फोन उचलत नाही. घाबरलोय. ते बाळ केवढंसं असेल.

संध्याकाळी
ताईचा मेसेज. नर्सने बाळाला आईच्या छातीशी ठेवलं, तोवर ताईने आठवून आठवून पेटी दुरुस्त केली. बाळ बरं आहे. जुनं होतं तसं उद्याच्या उद्या हवंय, म्हणते. बाकी एक शब्द नाही. सुटलो. शिवाय नव्या मांडणीने माणसं स्वावलंबी होतात, हा मुद्दा आजोबांना कळवायला हवा.

२९ मार्च
जुनी मांडणी परत कशी आणायची हे आमच्या मदतीच्या पानांत आहे. पण तिथलीही मांडणी मी गेल्या आठवड्यात सुधारली. दोन तास गेले, पान मिळेना. शेवटी नवं नाव घेऊन आमच्या प्रश्नोत्तरांच्या फोरमवर विचारलं, हॉस्पिटलात काम करणारी एक बाई म्हणून. आजोबांचं उत्तर लगेच आलं, सगळ्या पायऱ्यांसकट. खाली विचारलं होतं, हे तुमच्याकडे बसवलं कुणी. मी लिहिलं, भावाने. त्यांनी लिहिलं, मग परत बसवायचं काम त्याला देऊ नका.

पायऱ्या ताईला पाठवल्या.