तुमच्या बहिणीने काढलेले स्टूल

आदरणीय भाऊसाहेब यांस,

सादर नमस्कार. पत्राला सोळा दिवस उशीर झाला, माफी असावी. लिहायला बसलो की पेन सापडत नसे, पेन सापडले की चष्मा. (दोन्हींच्या जागा तुमच्या बहिणीलाच ठाऊक.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची बहीण तुमच्याकडे हवापालटासाठी गेली आहे, असे मी शेजाऱ्यांना सांगितले आहे. कोणी विचारलेच तर तुम्हीही तेच सांगावे. तिला परत पाठवा म्हणायला हे पत्र नाही. खुशाल राहू दे. पण तिने तुम्हाला एकच बाजू सांगितली असणार, म्हणून लिहितो.

आमच्या गल्लीच्या टोकाला, जुन्या छापखान्याच्या माडीवर, वस्तीतल्या लोकांसाठी चित्रशाळा निघाली. पाटीवर लिहिले आहे, 'शिकवणारे सर्व स्वतः काम करणारे कलाकार'. मला तिथेच शंका आली. मी बत्तीस वर्षे गोदामात वजनकाटा सांभाळला, पण मी काम करतो अशी पाटी कधी लावली नाही. तुमच्या बहिणीने तिथे नाव घातले आणि पहिल्याच दिवशी गालाला कोळसा लावून घरी आली. घरात गॅस असताना कोळसा कुठला? विचारले तर म्हणे, चित्र काढलं! (आणि हसली. वजनकाट्यावर असा हसणारा माणूस आला की मी पोती परत मोजायचो.)

मग एके दिवशी मी मागोमाग गेलो आणि दाराच्या काचेतून पाहिले. पहिली गोष्ट, चित्रकार मास्तरांची स्वतःची चित्रे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. सरळ माणूस चित्र असे लपवील का? दुसरी गोष्ट तर ऐकाच. मास्तर तुमच्या बहिणीशेजारी उभे राहिले, पेन्सिल धरलेला हात समोर ताठ केला आणि एक डोळा मिटला. तिनेही मिटला! समोर स्टुलावर निवृत्त पोस्टमन बसलेला, आणि वर्गातल्या दहा-अकरा पोक्त बायका-पुरुष त्याला एक डोळा मिटून बघत होते. मी दार ढकलून आत गेलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. मातीकाम शिकवणाऱ्या बाईंनी मला आवरले. सदऱ्यावर त्यांची दहा बोटे अजून आहेत, धुतली तरी जात नाहीत. मास्तर मात्र खूश. "आजोबा, असेच रागात बसा दहा मिनिटं. असा चेहरा मागून मिळत नाही." पोस्टमनला उठवून मला स्टुलावर बसवले.

सगळ्यांनी मला काढले. कोणी नाकपुड्या भोपळ्याएवढ्या केल्या, पोस्टमनने तर मिशाही लावल्या. तुमच्या बहिणीने मात्र नुसते स्टूल काढले. रिकामे. चारही पाय अगदी हुबेहूब. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्याकडे निघाली.

त्यानंतर मी रोज वर्गाला जातो, ते फक्त लक्ष ठेवायला. मास्तर म्हणतात, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठा सरकवला की समोरचे माप कळते. असेल. माप घेण्यातले मला कोणी शिकवू नये, पण असेल. भिंतीकडच्या चित्रांचेही विचारले. म्हणाले, रोज समोर असलं की चुका दिसत नाहीत. थोडे दिवस नजरेआड ठेवलं की आपोआप दिसतात. मला हे पटलेले नाही.

तुमच्या प्रकृतीस जपा.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. : सोळा दिवसांत मला माझ्या तीन चुका दिसल्या आहेत. चौथी आहे, पण ती दोघांची असावी असा संशय आहे.

ता. क. दुसरा : घरी खिडकीजवळची तिची खुर्ची काढायला घेतली आहे. सात कागद फुकट गेले. तिच्यात कोणी बसल्याशिवाय मापच लागत नाही. तिला पाठवता का?

ता. क. तिसरा : हे पत्र आधी तीच फोडणार, मला माहीत आहे. तर तिला हेही कळावे, की दार उघडताना माझा एक डोळा मिटलेला दिसला तर शेजाऱ्यांदेखत ओरडू नये. माप घेत असेन. कोणत्या गाडीने येते ते मात्र लगेच कळवा. उगाच रोज स्टेशनवर जावे लागते.