उलट्या हाताचा ग्लव्ह

बाबा, गेल्या मंगळवारी आई माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती आणि निवडता निवडता तिने मला असं काही सांगितलं की मी अजून सावरलेले नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा आधी इकडची खबर देते. आई आता माझ्याकडे असते, ॲरिझोनात, चँडलरला. तिचे कान कमी झालेत, जीभ होती तशीच आहे. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि फावल्या वेळात बेसबॉलचे जुने ग्लव्ह जमवते. हसू नका. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे, कुणाच्या तरी माळ्यावर पडलेले, आत कुठल्याशा पोराने पेनाने आपलं नाव खरडलेले. इथल्या उन्हात गराजमधे चामडं तडकतं म्हणून मी ते सगळे आईच्या खोलीत ठेवलेत, आणि देवांसमोर गुरांची कातडी मांडल्याबद्दल ती मला रोज सकाळी ऐकवते.

मंगळवारी सहा ग्लव्हचं एक खोकं आलं. तेल लावायला मी ते टेबलावर मांडले तर त्यातला एक उजव्या हातात जाणारा, म्हणजे डाव्या हाताने फेकणाऱ्याचा निघाला. असले मी कधी घेत नाही. “यात एक उलट्या हाताचा आला बघ,” मी म्हणाले. आईने मान वर न करता म्हटलं, “उलट्या हाताचा कसला? तुझ्याच हाताचा आहे की.” मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी मोठ्याने सांगितलं, “आई, हा डावखुऱ्यांचा आहे.” त्यावर ती म्हणाली, “ऐकलं मी. तू डावरीच होतीस. मीच मोडली ती सवय.” आणि पुढची काडी उचलली.

आपलं इकडे अमेरिकेत आल्यावरचं, डेव्हन ॲव्हेन्यूजवळचं ते दोन खोल्यांचं घर आठवतं ना? खाली साड्यांचं दुकान, वर आपण. शाळा सुटली की मी धावत घरी यायचे, कारण तेव्हा बेसबॉलचे सामने दुपारी असायचे आणि माझा तो लाडका पिचर, चेंडू फेकणारा, टीव्हीवर दिसायचा. तो जिंकण्यापेक्षा हरायचाच जास्त. वर्गातली पोरं त्याची टर उडवायची आणि मी त्याच्यासाठी कचाकचा भांडायचे. तो डाव्या हाताने फेकायचा म्हणून मीही मोज्यांचा बोळा करून डाव्या हाताने फेकायचे. तसाच पाय उचलून, तशीच टोपी ओढून. तुम्ही कारखान्यातून आलात की बूट न काढता पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला उभे राहायचात आणि तो बोळा झेलायचात. आई ओरडायची, “टीव्ही बघून काय ती डाव्या हाताची थेरं!” तुम्ही मात्र एकदाही हात बदल म्हणाला नाहीत. मी समजायचे, मी त्याची नक्कल करते आहे. इतकी वर्षं मी तेच समजत आले. माझी सगळी निष्ठा त्याच्यावर होती, आणि तो हात माझाच होता.

माझा दहावा वाढदिवस. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे काका-काकू आले होते, आईने श्रीखंड केलं होतं. तुम्ही मोठी पिशवी पुढे केलीत. मी ग्लव्ह बाहेर काढला आणि नेहमीप्रमाणे डाव्या हातात घालायला गेले, तर अंगठा भलत्याच बाजूला. बेसबॉलमधे ज्या हाताने फेकायचं तो मोकळा ठेवतात आणि ग्लव्ह दुसऱ्या हातात घालतात. शाळेत मी उजव्या हाताने खेळायचे, उजव्याने लिहायचे, उजव्याने जेवायचे. डावा हात म्हणजे मोज्यांचा बोळा आणि तो पिचर, बस. मी सगळ्यांसमोर किंचाळले, “बाबा, यू गॉट द राँग वन! आय ॲम राइट-हँडेड!” एक काका म्हणाले, “अरे यार, एवढा मोठा ड्राफ्ट्समन तू, डावं-उजवं कळत नाही तुला?” आणि सगळं घर हसलं. तुम्ही आईकडे पाहिलंत. ते मला स्पष्ट दिसलं होतं आणि मी त्याचा अर्थ लावला होता की तुम्ही ओशाळलात. मग तुम्ही म्हणालात, “चुकलंच माझं. उद्या एक्स्चेंज करून आणतो.” दुसऱ्या दिवशी बसने जाऊन बदलून आणलातही.

तेव्हापासून ती आपल्या घरची ठरलेली गोष्ट झाली. मशीनची ड्रॉइंग्ज काढण्यात जन्म गेलेला माणूस आणि त्याला पोरीचा हात ओळखता आला नाही! दिवाळीला सांगितली, कॉलेजात सांगितली. तुम्ही गेल्यावर तेराव्याला सगळे माना खाली घालून बसले होते तेव्हाही मीच सांगितली, तुमचं ते “चुकलंच माझं” तुमच्याच आवाजात म्हणून दाखवत. तुमच्या फोटोसमोर लोक हसले आणि मला बरं वाटलं.

मंगळवारी मी आईला विचारलं, “मग बाबांनी तो ग्लव्ह चुकून आणला नव्हता?” “चुकून? दोन दुकानं पालथी घातली त्यांनी. पहिल्यात तसला नव्हताच.” मी तेलाची बाटली खाली ठेवली. आई सांगत राहिली. मी दोन वर्षांची असताना ती माझा डावा हात जेवणाच्या वेळी फ्रॉकच्या बंदाने खुर्चीला बांधायची. मी रडायचे. तुम्ही म्हणायचात, सोड, तिचा हात आहे तो. ती ऐकायची नाही. “सगळं मागे टाकून आलो होतो गं. पोरगी प्रसाद डाव्या हाताने घ्यायला लागली असती तर मी कुणाला तोंड दाखवणार होते? वर्षभरात सुटलं सगळं. मग तू ती मोज्यांची फेकाफेक सुरू केलीस आणि ह्यांना काय वाटलं कोण जाणे.” मी विचारलं, “त्या दिवशी बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “मी तोंड उघडणार होते. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.”

बाबा, मला धक्का बसला म्हणणं फार किरकोळ आहे. माझा हात बांधला होता याचा मला राग येतो, आणि खुर्चीत बसलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईकडे पाहिलं की तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. पण त्याहून मोठं हे, की तुम्ही दहा वर्षांच्या पोरीला तिचा हात परत द्यायला आला होतात आणि तिने तुम्हाला वेडं ठरवलं. खरं सांगितलं असतंत तर सगळ्या पाहुण्यांसमोर आईचं नाव निघालं असतं. म्हणून चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत, आणि दर दिवाळीला ती ऐकत बसलात.

शनिवारी माझ्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणला होता. कुणीतरी म्हणालं, “अगं, ती ग्लव्हची स्टोरी सांग ना, हे लोक नवीन आहेत.” आई सोफ्यावर ताट घेऊन बसली होती. तिचा घास हातातच राहिला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि नेहमीचीच गोष्ट सांगितली, अगदी “चुकलंच माझं”पर्यंत. सगळे हसले. आई सगळ्यांत शेवटी हसली आणि मग जेवली.

हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे, कारण या घरात माझ्याशिवाय मराठी वाचता येणारी ती एकटीच आहे. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी पुन्हा तशीच सांगेन. आणि बाबा, तुमच्यापासून काय लपवायचं, शनिवारी तुमचा आवाज काढताना मलाही मनापासून हसू आलं.