चौथी दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, गणिताचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. हात थरथरतो, पण डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला असून त्या साक्षीदार म्हणून समोरच बसल्या आहेत.

१. राहते घर व शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. भांडू नये. भांडायचेच असेल तर बाल्कनीवरून भांडावे, बाकी खोल्यांना ऊन नाही.

२. पितळी कंपास धाकट्या भावाला. तो त्याने वीस वर्षांपूर्वीच लांबवला आहे. आता निदान उजळ माथ्याने वापरावा.

३. बैठकीतला दुहेरी लंबक, म्हणजे एका लंबकाला टांगलेला दुसरा लंबक. हळू सोडला तर गुणी. जोरात सोडला तर कधी कुठे गिरकी घेईल, सांगता येत नाही. अशा वाकड्या चालीला आधी रेषीय ऑपरेटर (म्हणजे ढोबळ, सरळ सूत्र) लावायचा आणि उरलेला फरक एकेका छोट्या दुरुस्तीने भरून काढायचा, हाच माझा जन्मभराचा उद्योग. माझ्या पुस्तकात छापले आहे: जितक्या दुरुस्त्या जास्त, तितके उत्तर अचूक.

ते चूक आहे. बावीस वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "सर, तीन दुरुस्त्यांपर्यंत छान जमतं. चौथी घेतली की उत्तर उलट बिघडतं." मी तिला सगळ्यांदेखत झापले आणि तिचा प्रबंध नापास केला. आज ती लिफ्ट दुरुस्त करते.

मागच्या महिन्यात मी चौथी घेऊन पाहिली. बिघडले. तीनदा पडताळले, तीनदा बिघडले. लाज वाटली, आणि खोटे कशाला लिहू, मजाही वाटली. का बिघडत असेल? लंबक आणखी हळू सोडला तर चौथी तगेल आणि पाचवी बिघडेल का? झोपताना, दाढी करताना हेच डोक्यात. सबब लंबक, सर्व वह्या व ही कबुली माझ्या पश्चात तिला पोहोचवावी.

इथवर वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पश्चात कशाला? घरात फोन नाहीये का?"

साक्षीदाराने कलमांत तोंड घालू नये, असे मी सुनावले. मग तिला फोन केला. नाव सांगताच पलीकडून प्रश्न आला.

"चौथी घेतलीत का, सर?"

"घेतली. तुझं बरोबर होतं. मी फार वाईट वागलो."

"हे मला तेव्हा ऐकायचं होतं."

तीच पुढे म्हणाली, "रविवारी येते. वह्या काढून ठेवा. आणि मी येईपर्यंत पाचवीला हात लावू नका."

सबब कलम ३ मधील 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले असून तिथे 'रविवारी' असे वाचावे.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: ६ नोव्हेंबर, गुरुवार
सही: (थरथरली आहे, पण माझीच)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. तळमजल्यावरचे चष्मेवाले