विकू नको म्हणून सांगितलेली कारणं

रविवार, ७ फेब्रुवारी १९९९, भुईगाव

मोपेड गॅरेजात आहे, असं माझा नवरा पास्कल गुरुवारपासून सांगत होता. आज मिस्सा सुटल्यावर ती चर्चच्या आवारातच दिसली. सीटला मी शिवलेलं निळं कव्हर तसंच. उमेळ्याचा एक माणूस तिच्यावर बायकोला शिकवत होता.

मी बघतच राहिले, तर तो हसून म्हणाला, "बाई, तुमच्या मिस्टरांनी विकताना काही खोटं नाही सांगितलं हां. वाडीतल्या बांधावरून जाते, पुढे फुलांची टोपली बसते आणि वाळूत रुतली तर एकटी बाई उचलते."

एकटी बाई उचलते! हे माझं वाक्य आहे. नाताळात नवऱ्याला मोठी मोटारसायकल हवी झाली, तेव्हा ही विकू नको म्हणून मीच ही सगळी कारणं त्याला सांगितली होती. तो मान हलवत होता. मला वाटलं, पटतंय. मूर्ख मी! तो पाठ करत होता.

घरी विचारलं तर म्हणे, "आता माझ्या मागे बस की, राणीसारखी." मागे बसून टोपली कुठे ठेवू? आणि फुलं बाजारात न्यायला रोज पहाटे हा उठणार आहे का?

सकाळी मी चर्चमधून निघाले, तेव्हा त्या बाईकडून गाडी काही चालू होईना. राग आला होता तरी मीच पुढे झाले आणि दाखवलं. चोक ओढायचा, दोन पेडल रिकामी मारायची, तिसऱ्याला उठते. गाडीची एवढी एकच खोड पास्कलला ठाऊक नव्हती.

तीही मीच देऊन आले.