चर्चच्या खिडक्यांची काच

व्हर्नन,

मी वर्सोव्याला यव्होनआत्याकडे जातोय. दोन-चार दिवस राहीन. सुरमईचं कालवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

काल संध्याकाळी तू गेम खेळत इंटरनेटवर बघणाऱ्यांशी लाइव्ह बोलत होतास, तेव्हा मी तुझा चहा घेऊन दाराबाहेर उभा होतो. तुझ्या गेममधल्या गावात चर्चच्या खिडक्यांना काच हवी होती आणि भट्टीत घालायचा मसाला तीन आठवडे तुला जमत नव्हता. वाळू किती, सोडा किती, चुना किती, हे परवा मी तुझ्या शेजारी बसून सांगितलं. फुटक्या काचेचा चुरा घाल म्हणजे लवकर वितळेल, हेही मीच सांगितलं. एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर काढली, म्हणून येतं रे मला.

काल खिडक्या झकास झाल्या. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी लिहिलेला प्रश्न तू मोठ्याने वाचलास, "ब्रो, हे तुला शिकवलं कोणी?" आणि हसून म्हणालास, "कोण शिकवणार यार? आमच्या घरात कोणाला काय कळतं यातलं?"

चहा मी सिंकमध्ये ओतला.

शाळेत असताना तू मित्रांना सांगायचास, डॅडी ऑफिसात कामाला आहेत. तेव्हा लहान होतास, म्हणून सोडून दिलं. आता तू तिशीचा झालास.

फोन करू नकोस. केलास तर मी उचलेन आणि नेहमीसारखं "जाऊ दे रे" म्हणेन. या वेळी मला तसं म्हणायचं नाही.

डॅडी